कोटाकपात आणि किनाऱ्यावरची लहान होडी

मासेमारीच्या नियमनाचा विचार या परिषदेपुढे मांडताना पश्चिम बाल्टिक समुद्राचे उदाहरण घेणे उचित ठरते. कारण शास्त्रीय सल्ला, कायदा आणि अंमलबजावणी या तिन्ही गोष्टी जेथे बऱ्यापैकी जागेवर आहेत तेथेही लहान मच्छीमार मोडला असल्याने, त्याचे खापर निव्वळ गैरकारभारावर फोडता येत नाही.

कोटा म्हणजे माशांच्या एका साठ्यातून वर्षभरात किती टन मासळी काढावी याची मर्यादा. युरोपीय संघात ती मंत्रिपरिषद दरवर्षी ठरवते आणि सदस्य देशांत ठरावीक हिश्श्यांनी वाटते. (महाराष्ट्रात असा कोटा नाही; येथे भिस्त आहे ती पावसाळी बंदीवर, जाळ्यांच्या आसाच्या आकारावर आणि १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमावर.) पश्चिम बाल्टिकमधील हेरिंग हा तारलीच्या कुळातला मासा वसंतात जर्मनीच्या र्‍युगेन बेटाजवळच्या उथळ खाड्यांत अंडी घालण्यास येतो आणि तेथील लहान होड्यांचे वर्षाचे गणित बव्हंशी त्या काही आठवड्यांवरच बसवलेले असते. या साठ्याचा कोटा २०१७ मध्ये २८,४०१ टन होता, तो २०२२ मध्ये ७८८ टनांवर आला. पाणी तापल्याने अंडी लवकर फुटतात आणि पिलांना वेळेवर खाद्य मिळत नाही, असे शास्त्रज्ञांचे निदान असल्यामुळे कपात अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

प्रश्न कपातीच्या भाराचा आहे. टक्केवारी सर्वांना सारखी लागते, परंतु मोठा ट्रॉलर दुसऱ्या साठ्याकडे किंवा उत्तर समुद्राकडे वळू शकतो, तर बंदराशी बांधलेल्या आणि जाळी उभी लावून ठेवणाऱ्या लहान होडीला तो पर्याय नसतो. शिवाय होडीमागे किनाऱ्यावर सहकारी संस्था, बर्फ, मासळी धुरावणारे आणि जाळी दुरुस्त करणारे कारागीर असा पसारा उभा असतो व त्याचा स्थिर खर्च आवक घटली म्हणून घटत नाही. आवक एका मर्यादेखाली गेली की संस्थाच चालेनाशी होते आणि मग कोटा हाती असलेल्या होडीलाही मासळी उतरवण्यास जागा उरत नाही. कपातीच्या सरकारी हिशेबात हा उंबरठा क्वचितच दिसतो.

याहून खटकणारी गोष्ट अशी की हाच हेरिंग अंडी घालून झाल्यावर कॅटेगॅट, स्कॅगेरॅक आणि उत्तर समुद्राच्या पूर्व भागात चरायला जातो, तेथे उत्तर समुद्राच्या हेरिंगमध्ये मिसळतो आणि त्या मिश्र थव्यांवर चालणाऱ्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत सापडतो. म्हणजे प्रजननक्षेत्रावर कोटा जवळजवळ शून्यावर आणताना त्याच साठ्याचा काही भाग अन्यत्र उचलला जात राहिला. हा दोष जीवशास्त्राचा नसून वाटपाचा आहे.

२०२२ साठी थेट मासेमारी थांबवताना मंत्रिपरिषदेने १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ओढीची जाळी न वापरणाऱ्या होड्यांना सूट दिली, ती या सर्व निर्णयांतील सर्वांत शहाणी तरतूद होय. मात्र २०१८ पासूनच्या सलग कपातींनंतर ती आली आणि तोवर होडी कायमची मोडीत काढण्यासाठी सार्वजनिक निधीतून साहाय्य देण्याचा मार्गही खुला झाला होता. त्या मार्गाने गेलेली होडी, साठा पुढे सावरला तरी, बंदरात परतत नाही.