भिंतींतला पिंपळ

पावसाळा लागला म्हणजे जुन्या घरांच्या भिंतींतून, गच्चीच्या कठड्यांतून आणि पन्हळीच्या तोंडापाशीं पिंपळाचीं कोंवळीं रोपें डोकावूं लागतात. तीं कोणी लाविलेलीं नसतात. पक्षी पिंपळाचीं फळें खातात आणि त्यांतील अगदीं बारीक बीं त्यांच्या विष्ठेबरोबर फटींत पडून तेथील ओलाव्यावर रुजतें.

रोप वीतभर असतें तोंवर गृहस्थ त्याकडे कौतुकानें पाहतो. घरांतील वडील मंडळी ‘पिंपळाला हात लावूं नये’ म्हणून बजावतात. मुंजाची आठवणहि कोणी काढतें. मग तोडवत नाहीं आणि हलविण्याचा आळस! कांहीं वर्षांत मूळ मनगटाएवढें होतें, विटा सुटतात, भिंतीला फुगवटा येतो. शहरांत झाड मोठें झाल्यावर तें तोडण्यास १९७५ च्या कायद्याप्रमाणें परवानगीहि काढावी लागते. अशा दिरंगाईला भक्ति म्हणणें कठीणच; तिच्यापायीं भिंत जाते आणि शेवटीं झाडहि जातें.

यास्तव रोप लहान आहे तोंच, पावसाच्या झडींत, तें हलवावें. हातानें उपटूं नये. वरचा शेंडा तेवढा हातीं येतो आणि आंत राहिलेलें मूळ पुन्हां फुटतें. आदल्या रात्रीं फट पाण्यानें भिजवावी. सकाळीं छिन्नीनें भोंवतालचा चुना हळूहळू कोरून मूळ जेवढें लांब मिळेल तेवढें सोडवावें, ओल्या गोणपाटांत गुंडाळावें आणि फट त्याच दिवशीं बुजवावी. मुळें तुटल्यामुळें पानांना पाणी पुरत नाहीं. म्हणून शेंड्याचीं दोन पानें ठेवून बाकीचीं काढावीं. येथें बहुतेकांचा हात कचरतो, पण दया करूं नये. कुंडींत लावून पंधरा दिवस सांवलींत ठेवावें. तांबूस कोंवळी पालवी फुटली कीं रोप जगलें.

पुढील पावसाळ्यांत तें जमिनींत लावावें, परंतु अंगणांत नव्हे. घर, विहीर व गटार यांपासून निदान ५० फूट दूर, देवळाच्या किंवा तळ्याच्या मोकळ्या जागेंत, तेथील मालकाच्या संमतीनें लावावें. शेळ्यांना हा पाला फार आवडतो; सबब कांटेरी कुंपण हवेंच. पहिले दोन उन्हाळे पाणी घालण्याचें काम लावणाऱ्यानेंच करावें. तें पुजाऱ्यावर सोंपवून घरीं जाण्याची चाल आहे, ती बरी नव्हे.