गावचा चेहरा आणि परक्याचा कागद



दवंडी ऐकलेली माणसे या सभेत अजून पुष्कळ असतील. चावडीपासून वेशीपर्यंत दवंडीवाला वाजवीत जाई आणि चार माणसे गोळा झाली की सरकारचा हुकूम सांगे. हुकूम तालुक्याहून आलेला असे. दवंडीवाला मात्र गावचा असे. त्याचे घर, त्याची मुलेबाळे, त्याच्या बऱ्यावाईट खोडी सगळ्यांना ठाऊक. म्हणून तो सांगे ते लोक खरे धरीत. तेच शब्द एखादा परका बोलता, तर 'तू कोण, कुठला?' असे आधी त्यालाच विचारले गेले असते. शब्द एकाचे आणि भरवसा दुसऱ्यावर, अशी ही जुनी व्यवस्था. आज आम्हांस बोलायचे आहे ते अमेरिकेतल्या शहरोशहरीच्या दूरचित्रवाणी केंद्रांविषयी आणि त्यांवरून रोज संध्याकाळी बातम्या सांगणाऱ्या माणसांविषयी. पण त्या प्रकरणाचा विचार करताना आम्हांला ही दवंडी वारंवार आठवली, म्हणून आरंभीच तिचा उल्लेख केला.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि संध्याकाळच्या मराठी बातम्या घरोघर पोहोचू लागल्या. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे ही माणसे त्या बातम्यांमुळे आपल्या ओळखीची झाली. त्यांना आपण वृत्तनिवेदक म्हणत आलो. निवेदक हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. दुसऱ्याने तयार केलेले हा आपल्यापुढे ठेवतो, एवढेच तो शब्द सांगतो. फुकाचा मोठेपणा मिरवीत नाही. अमेरिकेत त्याच माणसाला अँकर म्हणतात. अँकर म्हणजे नांगर. १९५२ साली तिथल्या राजकीय पक्षांच्या अधिवेशनांचे वृत्त सांगायला वॉल्टर क्रॉन्काइट बसले, त्या सुमारास हा शब्द या अर्थाने रूढ होऊ लागला. सगळे वार्ताहर चहूकडे फिरताहेत आणि मधोमध एक माणूस न हलता बसून त्या सर्वांना धरून आहे, अशी ती कल्पना. मात्र जहाज कोणाचे आणि नांगर टाकायचा कुठे, हे नांगराच्या हाती नसते.

आता हे तिथले केंद्र म्हणजे काय, ते थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे दूरदर्शन सरकारचे, आणि एका मुंबई केंद्राकडे अवघ्या महाराष्ट्राने पाहायचे, असा पुष्कळ वर्षांचा प्रघात. अमेरिकेत प्रकार निराळा. तिथे केंद्रे खाजगी मालकीची. पण हवेतल्या लहरी जनतेच्या. त्या वापरायचा परवाना सरकारी आयोग देतो आणि तोही विशिष्ट गावाच्या नावाने देतो. १९५२ साली या आयोगाने देशभरच्या वाहिन्यांची वाटणी केली, तेव्हा बाराशेहून अधिक गावांच्या नावे त्या लावून दिल्या. हेतू असा की, प्रत्येक लहानमोठ्या नगराला आपले म्हणून एक केंद्र असावे आणि त्याने त्या नगराचे हित पाहावे. रात्रीची नाटके, करमणूक आणि राष्ट्रीय बातम्या न्यूयॉर्कच्या मोठ्या कंपन्यांकडून येत. संध्याकाळच्या गावच्या बातम्या मात्र केंद्राच्या स्वतःच्या. शाळेच्या मंडळाची सभा, नगरपालिकेचा कर, हमरस्त्यावरचा अपघात, उद्याचे हवामान, शाळाशाळांतले सामने. बाहेरच्याला यात काय गोडी? पण ज्याची मुले त्या शाळेत आहेत, त्याला त्यापरते दुसरे काही नको असते.

या गावच्या बातम्यांतली पहिली मोठी व्यक्ती एक स्त्री होती, आणि ती आपल्यासारख्या व्याख्यानमालांतून वर आलेली होती, हे सांगताना आम्हांला थोडा आनंद होतो. तिचे नाव डोरोथी फुल्डहाइम. १८९३ सालचा जन्म. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी कित्येक वर्षे ही बाई गावोगाव व्याख्याने देत हिंडत होती. क्लीव्हलंड शहरात १९४७ साली डब्ल्यूईडब्ल्यूएस हे केंद्र निघाले तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. आपल्याकडे या वयात माणसे निवृत्तीचा हिशेब मांडू लागतात. ही नव्या धंद्यात शिरली आणि १९८४ साली पक्षाघाताने आजारी पडेपर्यंत, म्हणजे वयाच्या एक्याण्णव्या वर्षापर्यंत, त्याच केंद्रावर राहिली. केस तांबडे, जीभ तिखट. मे १९७० मध्ये त्याच ओहायो राज्यातल्या केंट विद्यापीठात राष्ट्रीय रक्षकदलाने गोळीबार केला आणि चार विद्यार्थी ठार झाले. ती तिथे जाऊन आली, आणि त्या प्रकाराला खून हा शब्द तिने पडद्यावर वापरला. बोलताना तिला रडू आवरले नाही. पुष्कळ प्रेक्षक तिच्यावर संतापले, कारण त्या काळी जनमत विद्यार्थ्यांच्या बाजूचे नव्हते. पण तिची जागा गेली नाही. पुढे आणखी चौदा वर्षे लोक तिचे ऐकत राहिले; तिच्याशी भांडत का होईना, पण ऐकत राहिले. ही बाई दवंडीवाली नव्हे. ती कीर्तनकार होती. पदरचे बोले आणि बोललेले निस्तरी.

अशा माणसांची परंपरा मात्र झाली नाही. पुढे आली ती निराळी मंडळी.

१९६५ साली फिलाडेल्फियाच्या केवायडब्ल्यू केंद्रावर अल प्रीमो नावाचे वृत्तसंचालक होते. तोवर एकच गंभीर गृहस्थ टेबलामागे बसून सगळ्या बातम्या वाची. प्रीमोंनी कामगारसंघाशी झालेला करार बारकाईने वाचला आणि त्यांच्या असे ध्यानात आले की, वार्ताहरांना पडद्यावर आणले तरी त्यांना वेगळा मेहनताना द्यावा लागत नाही. एका करारातल्या एका कलमातून अमेरिकेच्या बातम्यांचे रूप पालटले! वार्ताहर स्वतः जागेवर जाऊन, पाहून, प्रेक्षकांशी बोलू लागले. या पद्धतीला 'प्रत्यक्षदर्शी बातम्या' अशा अर्थाचे नाव मिळाले. १९६८ साली प्रीमो ती न्यूयॉर्कला घेऊन गेले आणि तिथून ती देशभर पसरली. टेबलाशी आता चौघे बसू लागले, एकमेकांची थट्टा करू लागले. तिचे व्हायचे ते दुष्परिणाम झालेच. आगीत घर जळाल्याची बातमी आणि लगेच हवामानवाल्याच्या नेकटायवर विनोद! परंतु हेही कबूल केले पाहिजे की, त्यामुळे निरनिराळ्या वंशांची, निरनिराळ्या आळ्यांतली माणसे पडद्यावर आली आणि बातमी सांगणारा आपल्यातलाच आहे, असे गावाला वाटू लागले.

आपल्यातलाच आहे, या वाटण्याला किंमत येते, हे धंदेवाल्यांनी तात्काळ ओळखले. सल्लागार निघाले. आयोवा राज्यात फ्रँक मॅगिड यांनी १९५७ साली काढलेली संस्था त्यांत अग्रगण्य. प्रेक्षकांना प्रश्न विचारायचे आणि कोणता चेहरा रुचतो, कोणता रुचत नाही, ते मालकाला सांगायचे. वाणी आपल्या दुकानात कोणत्या डाळीला उठाव आहे हे पाहतोच. त्यात गैर काय, असे कोणी म्हणेल. गैर काय ते ख्रिस्टीन क्राफ्ट या बाईंच्या खटल्यात उघडे पडले. १९८१ सालच्या आरंभी त्या कॅन्सस सिटीच्या केएमबीसी केंद्रावर अँकर झाल्या. आपल्या रूपावर संस्कार करू नयेत, हे त्यांनी आधीच बजावले होते, असे त्यांचे म्हणणे. केंद्राने प्रेक्षकांची मते घेतली आणि बाईंना रोज कोणता पोशाख करायचा याचे चक्क कॅलेंडर आखून दिले! ऑगस्टमध्ये त्यांना त्या जागेवरून खाली आणले. वय झाले, रूप बेताचे आणि पुरुषांपुढे नमते घेत नाहीत, असे कारण वृत्तसंचालकांनी आपल्याला सांगितले, असा त्यांचा आरोप. संचालकांनी तो नाकारला. १९८३ साली ज्यूरीने बाईंना पाच लाख डॉलर देवविले. न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला. १९८४ साली दुसऱ्या ज्यूरीने सव्वातीन लाख देवविले. वरच्या न्यायालयाने १९८५ साली तेही काढून घेतले, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्याचेच नाकारले. दोन ज्यूऱ्या, म्हणजे साधी नागरिक माणसे, बाईंच्या बाजूची. कायदा मालकाच्या बाजूचा. आमच्या मते या खटल्यातला खरा प्रश्न सौंदर्याचा नव्हताच. हा चेहरा कोणाच्या मालकीचा, हा होता.

एवढ्यावरून कोणी समजू नये की, ही गावची केंद्रे म्हणजे केवळ नट्टापट्टा. त्यांचा उपयोग कळतो तो संकटात. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएल केंद्राच्या मंडळींनी बॅटन रूजच्या विद्यापीठातून प्रक्षेपण चालू ठेवले. आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे हवामान सांगणारे जेम्स स्पॅन यांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ते अँकर नव्हेत, हवामानशास्त्रज्ञ. पण केंद्राचा चेहरा तेच. स्पॅन पँटला पट्टे लावतात. त्यांनी कोट उतरवला आणि पट्टे दिसू लागले की प्रकरण गंभीर आहे, हे घरोघरच्या पोरांनाही कळते. २७ एप्रिल २०११ रोजी त्या राज्यावर एकामागून एक चक्रीवाते कोसळली. एकट्या अलाबामात २००हून अधिक माणसे गेली. त्या दिवशी स्पॅन तासन्‌तास उभे राहून बोलत होते. त्यांची रीत अशी की, नुसते तालुक्याचे नाव सांगून ते थांबत नाहीत. अमक्या चौकातले दुकान, तमक्या रस्त्यावरचे प्रार्थनामंदिर, अशा खुणा सांगतात. आपल्या गल्लीतली खूण कानी पडली की माणूस उठतो आणि तळघर गाठतो. नकाशावरच्या तांबड्या डागाने उठत नाही. नुसत्या भोंग्यावर विसंबू नका, हेही ते वर्षानुवर्षे सांगत आले. त्यांचे शब्द त्यांचेच होते, आणि भरवसाही त्यांनीच कमावलेला होता. त्यामुळेच पुढची गोष्ट आम्हांला फार लागली.

१९९६ साली अमेरिकेने दूरसंचाराचा नवा कायदा केला. एका मालकाने किती केंद्रे घ्यावीत यावरची संख्येची मर्यादा त्याने उठवली. देशातल्या किती टक्के घरांपर्यंत पोहोचावे, एवढीच मर्यादा ठेवली. केंद्रे भराभर मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेली. मेरीलंड राज्यातली सिंक्लेअर ही त्यांतली एक. २०१८ साली तिच्याकडे सुमारे १९० केंद्रे होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मुख्य कचेरीतून केंद्राकेंद्राला एक कागद गेला. तो तिथल्या अँकरांनी स्वतःच्या तोंडाने, आपलेच मनोगत म्हणून वाचायचा होता. मजकूर असा की, आम्हांला आपल्या गावच्या पत्रकारितेचा अभिमान आहे. परंतु खोट्या आणि एकांगी बातम्यांचा सुळसुळाट झाला आहे, काही वृत्तसंस्थाही त्या न तपासता पसरवीत आहेत, आणि याने लोकशाहीला धोका आहे. कागदात एक जागा मोकळी होती. तिथे ज्याने त्याने आपल्या गावाचे नाव घालायचे.

मार्चअखेर कोणी तरी या सगळ्या फिती एकापुढे एक जोडल्या. पडद्यावर डझनावारी चेहरे, गोरे, काळे, स्त्रिया, पुरुष, प्रत्येक जण आपापल्या गावात वर्षानुवर्षे ओळखला जाणारा. आणि सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी, एकाच लयीत, तेच शब्द. परवचा म्हणणाऱ्या मुलांचा वर्ग असावा तसे. देशभर खळबळ उडाली. कंपनीचे म्हणणे असे पडले की, यात राजकारण नाही, जबाबदार पत्रकारितेचे आवाहन तेवढे आहे. आणि खरोखर, त्यातली वाक्ये सुटी काढली तर पुष्कळांना आक्षेप घेता येणार नाही. पण सुटी वाक्ये घेऊन काय करायचे? दवंडीवाला निदान डफावर थाप मारून 'सरकारी हुकूम आहे' असे आधी सांगे. इथे हुकूम होता, आणि तो 'मला वाटते' म्हणून सांगायचा होता.

त्या अँकरांनी नकार का दिला नाही, असे आपण विचाराल. आम्ही त्यांना दोष द्यायला तयार नाही. करार असतो, घराचे हप्ते असतात, मुलांची शाळा असते; करार मुदतीआधी मोडला तर उलट कंपनीलाच पैसे भरून द्यावे लागतील, अशी कलमे त्यांच्या करारांत असल्याचे तेव्हा छापून आले होते. नेब्रास्कातल्या एका केंद्राच्या निर्मात्याने नोकरी सोडली. बाकीच्यांनी कागद वाचला. आमचा रोख त्यांच्यावर नाही. एखाद्या गावाने आपल्या माणसावर वीस वर्षे ठेवलेला भरवसा हा त्या माणसाच्या नोकरीबरोबर विकत घेता येतो काय, एवढेच आम्हांस विचारायचे आहे. नोकरी मालकाने दिली हे खरे. भरवसा त्याने दिला नव्हता.

कायद्याचे पाऊल मात्र दुसऱ्या दिशेला पडत होते. केंद्राचा मुख्य स्टुडिओ ज्या गावाचा परवाना त्या गावात किंवा त्याच्या जवळ असावा, असा जुना नियम होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये आयोगाने तो काढून टाकला. आजकाल संपर्काची साधने इतकी वाढली आहेत की, गावात जागा कशाला अडवायची, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे तक्रार घेऊन ज्या दारावर जायचे, ते दार ठेवण्याचे बंधन उरले नाही. फिलाडेल्फियात जिम गार्डनर नावाचे अँकर १९७६ साली डब्ल्यूपीव्हीआय केंद्रावर आले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. शेहेचाळीस वर्षे एक शहर, एक केंद्र. असे दुसरे कोणी पुढे होईल की नाही, हे आता फिलाडेल्फियाच्या लोकांपेक्षा मालकांच्या हिशेबावर अधिक अवलंबून आहे.

विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरी सिंक्लेअरच्याच मालकीचे डब्ल्यूएमएसएन म्हणून एक केंद्र होते. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्यावर त्या आठवड्याच्या अखेरीस त्याने जाहीर केले की, रात्री नऊच्या बातम्यांत आम्ही तो मजकूर लावलेला नाही. नेहमीप्रमाणे गावच्या बातम्या, हवामान आणि खेळ दाखवले.