दारातून आत



पत्रिकेवर माझा विषय ‘सार्वजनिक आरोग्य, समाज आणि माझं वाचन’ असा छापलाय. तासाभरात हे तिन्ही उरकायचे म्हणजे सोमवारची ओपीडीच झाली. मी एकच गोष्ट धरून बोलते. आरोग्याच्या नावाखाली बाहेरचा माणूस कुणाच्या घरात शिरतो, तेव्हा तिथं काय घडतं? आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी लोकांच्या दारांत गेली. पुस्तकं वाचतानाही माझं लक्ष त्या दाराकडेच जातं.

पुण्याचा प्लेग आपल्याला चाफेकरांमुळे माहीत असतो. २२ जून १८९७ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळ्या. त्याआधीच्या झडत्यांवर मात्र धड्यात दोनच ओळी असतात. घरात रोगी लपवलेत म्हणून गोरे शिपाई स्वयंपाकघरात, देवघरात शिरायचे. काखेत, जांघेत गाठ आहे का बघायचे, सामान जाळायचे आणि संशय आला की माणसाला छावणीत न्यायचे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवून दिलं ते १८९८ साली, आणि ते सगळ्यांना पटायला पुढं आणखी काही वर्षं गेली. म्हणजे एवढी घरं उलथीपालथी केली, त्यात उंदरावरच्या पिसवेकडे कुणाचं लक्षच नव्हतं!

झडत्यांच्याच साली, १८९७ मध्ये, हडपसरच्या बाजूला माळावर डॉ. यशवंत फुल्यांचा दवाखाना चालू होता. त्यांच्या आई, सासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई, तिथं रोगी आणत होत्या. मुंढव्याचं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग्याला घरातून हलवायचं काम शिपायांचंही होतं आणि त्यांचंही. कुणाच्या हाती आपलं पोर द्यावं, हे घरातल्यांना बरोबर कळतं.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन आम्ही दारोदार फिरत होतो. आतून खोकला ऐकू यायचा आणि दारातला माणूस म्हणायचा, “आमच्यात समदी बरी हायेत, सिस्टर, तुम्ही म्होरं जावा.” मधे १२३ वर्षं गेली होती, पण खरं सांगितलं तर उचलून नेतील ही भीती जशीच्या तशी होती. मला त्या माणसाचा राग आला नाही. घरातला एक गेला की मजुरी कोण आणणार, म्हशीला कोण बघणार, याचं उत्तर माझ्या पिशवीत नव्हतं.

त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढली. त्यांच्या वडिलांचं सोवळं आठवा. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही! लॉकडाऊनमध्ये भाजी साबणाच्या पाण्यात बुडवणारे आपण त्यांच्या वडिलांना कोणत्या तोंडानं हसणार? लक्ष्मीबाई मात्र हसतात, आणि त्या हसण्यात कडवटपणा नाही. घरोघर फिरणाऱ्या बाईला ही नजर फार उपयोगी पडते. घरातल्या वेडेपणावर चिडलात की ते घर तुम्हाला पुन्हा आत घेत नाही.

आता श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’. डॉ. आनंदीबाई जोशींवरची, १९६८ साली आलेली ही कादंबरी. तिच्यावर बोलताना लोक गोपाळरावांवर बोलतात, फिलाडेल्फियावर बोलतात, १८८६ च्या पदवीवर बोलतात. मी अडकते ती त्या बाळापाशी. चौदा वर्षांच्या आनंदीचं मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून पुढं ती डॉक्टर झाली. पण ते मूल का गेलं, वाचलं असतं का, हे विचारणारा वाचक मला अजून भेटायचाय.

आपल्याकडे बाळंतीण महिनाभर खोलीत असते. खोली कोंदट, खाली शेगडी, वर धुरी. बाळ आजारी पडतं तेही त्याच महिन्यात, आणि त्याला घराबाहेर काढत नाहीत तेही त्याच महिन्यात. दवाखाना कितीही चांगला बांधा, या बाळाला त्याचा काय उपयोग? डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत हे ओळखलं. गावातल्याच बायांना त्यांनी शिकवलं: बाळाचं वजन करा, ताप बघा, श्वास मोजा, जंतुदोष दिसला तर इंजेक्शन द्या. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई कशी द्यायची, ही कुरकुर आमच्या खात्यातही मी ऐकलीय. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्याच वाटेनं घरोघर जातात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सुई मात्र सगळ्यांच्या हाती आली नाही.

तिसरा दिवस सगळ्यात अवघड. आजी दारातच अडवते, “पाचवी पुजल्याबिगर बाळ उघडं करायचं न्हाई.” तिच्याशी वाद घालायचा नसतो. आमची एक आशाताई आधी आजीचे गुडघे विचारते, चहा घेते, मग म्हणते, “आजी, बाळ तुमच्याच मांडीवर राहू दे, मी नुसता श्वास मोजते.” घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. साठ किंवा जास्त भरले तर शांत असताना पुन्हा मोजायचे, आणि तेवढेच आले तर लगेच दवाखाना. त्या वेळी गाडी बोलवा असं मुलाला सांगते ती आजीच. ती उठली की मग घरात कुणी आडवं येत नाही.

आता थोडं कडू बोलते. २०११ साली ही योजना आली तेव्हा या सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाताईला मिळून २५० रुपये ठरले. एका भेटीचे, एकविसाव्या दिवसापर्यंत जिवंत राहिलेल्या बाळाचे, आजीच्या गुडघ्यांचे वेगळे नाहीत. कागदोपत्री ती स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मोबदला. दारातून आत जायची किंमत सरकारनं ठरवली ती अशी. मोर्चात या बाया मुंबईला गेल्या की आपणच म्हणतो, कामं सोडून कशाला बसल्यात. संप चालू असताना आमच्या गावातल्या तिसऱ्या दिवसाच्या भेटी कुणी केल्या, हे पंचायत समितीच्या सभापतींना विचारा. मी विचारलं होतं, उत्तर लेखी येईल म्हणाले.

माझा वेळ संपला असं समोरून खुणावतायत. प्रश्न असतील तर विचारा, मोबदल्याबद्दल आधी.