घरबसल्या शिक्षण
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. शिक्षणावर मी बोलावे म्हणजे धिटाईच. पण ज्याला जे मिळाले नाही, त्याला त्याची किंमत ठाऊक असते. म्हणून चार शब्द सांगते.

आमच्या घरी दोन विद्यार्थिनी आहेत. मुलगी रोज एस. टी.ने कॉलेजात जाते. धाकटी जाऊ नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते. हे विद्यापीठ १९८९ साली निघाले. ती रात्री भांडी आवरून पुस्तक उघडते.

एकदा मुलीने मला वाचून दाखविले. विलायतेतील मुक्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली हिशेब मांडला की, तिकडे कॉलेजात राहून शिकण्यापेक्षा घरून शिकण्यास दर विद्यार्थ्यामागे सुमारे ८७ टक्के ऊर्जा कमी लागते. जाण्यायेण्याचे फेरे वाचतात आणि वसतिगृहांतील दिवे व थंडीतील ऊब यांचा खर्च वाचतो.

मी म्हटले, "मग तूही घरूनच शीक!"

ती म्हणाली, "आई, हवा स्वच्छ राहावी असे मलाही वाटते. पण मी गेले नाही तरी माझी एस. टी. सुटणारच आहे."

जाऊ म्हणाली, "ताई, मी काही धुराचा विचार करून नाव नोंदविले नाही. लेकरे लहान, म्हणून नोंदविले. धूर वाचला तर चांगलेच."

मी गप्प झाले. आमच्या वेळी हायस्कूल तालुक्याला होते. मुलीची जात, एकटी कशी जाणार, म्हणून माझी शाळा सुटली. माझेही फेरे वाचलेच की! पण त्या बचतीने कोणाचे भले झाले?

भगिनींनो, जिला घर सोडता येत नाही तिने असे शिक्षण जरूर घ्यावे. त्यात पैसा वाचतो आणि निसर्गाचेही हित आहे. पण जिला बाहेर जायचे आहे, तिला हवेचे निमित्त सांगून घरी बसवू नये. धूर कमी करायचाच तर आधी पुरुषमंडळींच्या पानाच्या दुकानापर्यंतच्या फटफटीच्या फेऱ्या मोजाव्यात!

एक विनंती आहे. मंडळाची ही खोली दुपारी रिकामी असते. घरून शिकणाऱ्या लेकीसुनांना ती उघडून द्यावी. चालत यावे, एका पंख्याखाली बसून वाचावे. फेराही वाचेल आणि सोबतही मिळेल.

खोली उघडलीत तर आठवीचे पुस्तक घेऊन मीही येईन. एवढे बोलून आपली रजा घेते.