घुबडांची वही आपल्याच गावात
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव सोडून आज घुबडाचे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण उंदीर ज्वारीचे कणीस कुरतडतो ते आपल्या पदरचे असते. त्याला रात्री उचलणारे घुबड आपल्याकडे मजुरी मागत नाही.

खानदेशात 1884 साली रानपिंगळा मिळाला. पुढे 113 वर्षे त्याची खात्रीची नोंद नाही. पक्षी संपला, असेच बहुतेकांनी धरले. 1997 साली तो शहाद्याजवळच्या रानात परदेशी अभ्यासकांना दिसला. पक्षी होता, नोंद नव्हती. नोंद नसलेले नुकसान सरकारदरबारी नसतेच, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कोरडवाहू शिवारात घुबडफेरी आपणच काढू. रात्री राखणीला आपणच असतो. चौघे पुरेत. बॅटरीला लाल कागद लावायचा, बांधावर दहा मिनिटे गप्प उभे राहायचे. आवाज, वेळ, गट नंबर, पीक लिहायचे. ढोलीत उजेड मारायचा नाही. सकाळी झाडाखालच्या उलटीच्या गोळ्या भिजवून उंदरांच्या कवट्या मोजायच्या. विष खाल्लेला उंदीर पोटात गेला तर घुबडही दगावते, म्हणून विष कुठे टाकले तेही लिहायचे.

घुबडाला अशुभ म्हणून दगड मारू नका. 1972 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आपला तोटाही.

त्याच वहीत रानडुकरांनी केलेली नासाडीही तारखेनिशी लिहा. घुबडाने वाचवलेले आणि डुकराने खाल्लेले, दोन्ही हिशेब आपल्या हातात हवेत. वही गावात राहील; ज्याला आकडे हवेत, त्याने गावात यावे.