वसईचे दुभाषी साधू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी आज एका ख्रिस्ती साधूविषयी बोलणार हे कळल्यावर एकदोघी म्हणाल्या, "आपल्याकडे संतांची वाण पडली का?" त्यांचे बरोबर आहे, पण नांदेडकरांनी तरी असे म्हणू नये. पाटण्याला जन्मलेले गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली आपल्या गोदाकाठी विसावले, त्यांना आपण कधी परके म्हटले नाही. मी सांगते ते साधू तर महाराष्ट्रातच जन्मले आणि त्यांचा अंत जपानात झाला. संत गोन्सालो गार्सिया हे त्यांचे नाव. भारतात जन्मलेल्यांपैकी रोमच्या चर्चने संत म्हणून जाहीर केलेले ते पहिले.

आमचे धाकटे भावजी वसईस नोकरीला आहेत, त्यांच्याकडे गेले तेव्हा किल्ला पाहिला. चिमाजीअप्पांनी तो १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतला, एवढे शाळेत शिकले होते. त्याच्या सुमारे १८० वर्षे आधी वसईत गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इकडचीच. येशूसंघाच्या पाद्र्यांपाशी ते शिकले आणि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी चांगली आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षणाचे काम केले. संघात रीतसर घ्यावे एवढेच त्यांचे मागणे होते. ते काही पुरे झाले नाही. आठ वर्षे घरात राबावे आणि घरचे म्हणून कोणी म्हणू नये, ह्याचे दुःख आपल्यातल्या कितीजणींना वेगळे समजावून सांगावे लागेल?

मग ते व्यापारात पडले. जम बसला, पैसाही मिळाला, पण मन रमेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिसकन साधूंत सामील झाले. तेराव्या शतकात इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसने हा पंथ काढला. तो कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, सारे सोडून भणंग झालेला. गोन्सालो इथेही पुरोहित झाले नाहीत, साधे ब्रदरच राहिले.

१५९३ साली फिलिपाईन्सहून जपानला वकील गेले, पेद्रो बाप्तिस्ता नावाचे साधू. जपानी येणारे म्हणून गोन्सालो त्यांचे दुभाषी झाले. दुभाष्याची किंमत मराठवाड्याला काय सांगावी! १९४८ पर्यंत निजामाच्या कचेरीचा कागद उर्दूत येई. आजेसासूबाई सांगत, कागद आला की तो वाचून सांगणारा भेटेपर्यंत घरात कुणाला घास गोड लागत नसे. इथे तर जपानचा सत्ताधीश हिदेयोशी समोर बसलेला. शब्द चुकला तर बरोबरच्या सर्वांवर बेतायचे. पण बोलणी निभावली, क्योटोत जागा मिळाली आणि तिथे देऊळ व कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उभा राहिला. आपल्या नेरलीच्या कुष्ठधामात जाऊन आलेल्यांना ते काम काय असते ते ठाऊक आहे.

१५९६ साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटले. ह्या साधूंच्या मागोमाग फौजा येतील असा हिदेयोशीला संशय आला. वसईचा इतिहास पाहिला तर तो संशय अगदीच खुळा होता असे मला म्हणवत नाही. पण शिक्षा भोगली ती रोग्यांची सेवा करणाऱ्यांनी. चोवीस जणांच्या डाव्या कानाचे तुकडे कापले, आणि भर थंडीत क्योटोपासून नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालवत नेले. त्यांत एक बारा वर्षांचे पोर होते. तोमास कोझाकी नावाच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने वाटेत आईला पत्र लिहिले. वडील बरोबरच होते, त्यांनाही तीच शिक्षा. पत्र पुढे वडिलांच्या अंगावर सापडले. हे वाचले त्या दिवशी माझ्या हातून स्वयंपाक झाला नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर एकूण सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. १८६२ साली रोमने सर्वांना संत म्हणून जाहीर केले.

वसईजवळ गास गावी गोन्सालोंच्या नावाचे चर्च आहे. मागच्या खेपेस वेळ झाला नाही. उन्हाळ्यात भावजींकडे पुन्हा जायचे आहे, तेव्हा जाणार. बरोबर कोणी येत असाल तर आधी सांगा, रेल्वेची तिकिटे काढावी लागतील.