झोपेची गोळी : किती आणि कधीपर्यंत?

(वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्या बारामती-इंदापूर परिसरात निद्रानाशाची तक्रार केवळ नोकरदारांची नाही. कालव्याचे पाणी वा शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकरी दारे धरण्यासाठी रात्रभर उसात उभा असतो. गळीत हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने अहोरात्र चालतात. अशा मनुष्याला गोळी लिहून देण्याअगोदर त्याची पाळी विचारावी लागते, आणि सायंकाळनंतरचे चहाचे कपही. (हा आकडा रुग्ण हमखास कमी सांगतात.)

मला आज सांगावयाचे आहे ते इंदापूरकडील एका आजींविषयी. पती निवर्तल्यानंतर त्यांना दोन आठवड्यांपुरती अल्प्राझोलामची गोळी देण्यात आली होती. त्याच जुन्या चिठ्ठीवर घरच्यांनी ती चार वर्षे आणली. पुढे कोणीतरी 'ही सवयीची गोळी आहे' असे म्हणाले आणि मुलाने ती एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवशी आजींना दरदरून घाम, हातांना थरथर आणि अखेर फेफरे आले. "डॉक्टरसाहेब, आम्ही तर त्यांच्या भल्यासाठीच बंद केली," मुलगा पुनःपुन्हा म्हणत होता. त्याचा हेतू मुळीच वाईट नव्हता. बंद करण्याची रीत त्याला कोणी सांगितली नव्हती, आणि हा दोष आम्हां वैद्यकीय मंडळींचा आहे.

१९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ साली डायझेपाम बाजारात आले, तेव्हा जुन्या बार्बिट्युरेट औषधांच्या तुलनेत ती निर्धोक वाटली. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्यांचीच भावंडे. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा प्रभाव ती वाढवितात. तीव्र चिंतेत थोडे दिवस त्यांचा उपयोग निश्चित होतो. परंतु काही आठवडे रोज घेतल्यास मेंदू त्या आधाराला सरावतो. आधार एकदम काढला की तो बेभान होतो. म्हणूनच १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम आदी औषधे 'एच-१' अनुसूचीत आहेत. औषध दुकानदाराने त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवावयाची व ती तीन वर्षे जपावयाची असते. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर कृपया रागावू नये.

वृद्धांना या गोळ्यांनी रात्री लघवीस उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. दारूसोबत, किंवा ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकासोबत घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते. शेजारणीची गोळी 'एकच तर आहे' म्हणून घेणे तर सर्वस्वी टाळावे. दीर्घकालीन निद्रानाशात उठण्याची वेळ निश्चित करणे, झोप न आल्यास अंथरूण सोडणे, अशा सवयींवर आधारलेल्या उपचारास आज प्रथम स्थान दिले जाते. गोळीपेक्षा तो कष्टाचा आहे, हे मान्य. मन फारच अस्वस्थ असेल तर शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आजींना आम्ही गोळी पुन्हा सुरू केली, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी किंचित कमी करीत आठ महिन्यांनी थांबविली. मधे दोनदा मात्रा आहे तेथेच ठेवावी लागली. आता त्यांना पहाटे चारलाच जाग येते. त्याची तक्रार त्या अजून करतात. मुलगा मात्र त्या वेळी उठून त्यांच्यासोबत बसतो.